पेन परत आलं, निब नाही

2019 च्या महापुरानंतर सांगलीतल्या आमच्या गावभागातल्या घरातला गाळ उपसताना माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि त्यात अण्णांचं पेन निघालं. अण्णा, माझे आजोबा, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हे शेफर, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन कंपनीचं फाउंटन पेन, त्यांना शेठजींनी दिलेलं. काळं, दोन्ही टोकांना निमुळतं, टोपणावर पांढरा ठिपका. शाई भरायचा खटका गंजून बसला होता आणि निबेवर वाळलेल्या शाईचा असा थर होता की तिच्यावरचं एक अक्षर दिसत नव्हतं.

ओळखीतल्या एकाने सांगितलं, एक गृहस्थ दर रविवारी येतात, जुनी पेनं घेऊन जातात आणि दुरुस्त करून आणतात. माणूस बोलायला गोड. पेन हातात घेऊन म्हणाला, "साहेब, अशी वस्तू आता बघायला मिळत नाही." मी पावती मागितली नाही, फोटो काढला नाही. बाराशे रुपये ठरले.

तीन आठवड्यांनी पेन आलं ते आरशासारखं चकचकीत. निब पिवळीधमक, शाई झरझर उतरत होती. बाबांनी त्याच पेनाने पाटीपूजनाच्या कागदावर 'श्री' काढला. आम्ही सगळे खूश.

सहा महिन्यांत निबेच्या चिरेपाशी काळपट डाग पडला आणि शाई धुतली तरी तो जाईना. सोनं शाईने असं काळवंडत नाही. भिंग लावून वाचलं तर निबेवर कोरलेलं होतं, 'इरिडियम पॉइंट, जर्मनी'. हा शिक्का बाजारातल्या स्वस्त निबांवर सर्रास असतो. सराफ कट्ट्यावर आमच्या नेहमीच्या सराफांनी ती कसावर घासली, अॅसिडचा थेंब सोडला, आणि पिवळी रेघ डोळ्यांदेखत नाहीशी झाली. खाली पोलाद.

मग मी या पेनांबद्दल वाचायला लागलो. ते आधी करायला हवं होतं. शेफरने 1920 मध्ये 'लाइफटाइम' निब काढली, जाड सोन्याची, आयुष्यभराच्या हमीची. 1924 पासून टोपणावर पांढरा ठिपका आला. त्या काळात ठिपका म्हणजे आत लाइफटाइम निब, आणि त्या निबांवर अनुक्रमांक कोरलेला असे. बाबा म्हणाले, "होता ना नंबर. अण्णा आम्हाला लहानपणी दाखवायचे." तो नंबर कुणी लिहून ठेवला नव्हता.

चकाकीचाही उलगडा झाला. बॅरलवर कंपनीचं आणि गावाचं नाव कोरलेलं असतं. मशिनवर बफ मारून ते पार उडवलं होतं, बोट फिरवलं तरी काही लागत नाही. आतली शाईची रबरी पिशवी बदलताना सांधा लाखेने (शेलॅकने) चिकटवायचा असतो, म्हणजे थोडी ऊब दिली की पुन्हा उघडतो. याने झटपट चिकटणारा गोंद लावला होता. मी उघडायला गेलो तर बॅरलच्या तोंडाशी केसाएवढी चीर गेली.

फोन केला. उत्तर आलं, "तेव्हाच बघून घ्यायचं होतं. तुमच्या पेनाला हीच निब होती." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. तक्रारीला पुरावा काय देणार?

घरात असं पेन असेल तर ते कुणाच्याही हाती देण्याआधी निब कोमट पाण्यात रात्रभर बुडवा. पाणी फक्त निबेपुरतंच, कारण काळं पेन एबोनाइटचं (कडक रबराचं) असेल तर पाण्याने त्याचा रंग उडतो. शाई सुटली की निबेवरचं प्रत्येक अक्षर आणि आकडा वहीत उतरवा, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, बॅरलवरच्या अक्षरांचाही काढा. लोहचुंबकावर विसंबू नका, कारण काही स्टेनलेस स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. पिशवी बदलायला निब काढावी लागतेच असं नाही, "निबेला हात लावू नका" असं पावतीवर लिहून घ्या. मेकॅनिककडून जुना पार्ट मागतो तशी जुनी पिशवी, ती दाबणारी जुनी पट्टी परत मागा. आणि ज्यांनी सांगली-मिरजेत गेल्या काही वर्षांत रविवारी येणाऱ्या अशा माणसाकडे पेन दिलं असेल, त्यांनी आज रात्रीच भिंग घेऊन निब वाचा.

बाबांनी पेन टोपण लावून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय. यंदा दसऱ्याला पूजेत मांडलं, पण टोपण काढलं नाही.