घरच्या ऑटो सीपॅपचा रिव्ह्यू: घोरणं थांबतं, वजनाचं काय?

वजन उतरेल या आशेने सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) घेत असाल, तर ते एकट्या यंत्राने होत नाही. उलट थोडं वाढूही शकतं, कारण रात्रभर श्वासासाठी चाललेली झटापट थांबते आणि तेवढी ऊर्जा वाचते. तरीही तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास वारंवार अडून झोपमोड होण्याचा आजार) निघाला असेल, तर टाळाटाळ करू नका. अपुऱ्या झोपेने भूक चाळवते. शिकागोच्या २००४ सालच्या प्रयोगात १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तासांच्या झोपेच्या तुलनेत भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के चढलं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्के घसरलं. त्यात दिवसभर पेंगणाऱ्याकडून व्यायाम कसा होणार?

ऑटो यंत्र ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब आपोआप कमीजास्त करतं. विक्रेते पुष्कळदा ४ ते २० ची ती मर्यादा तशीच ठेवून जातात. जास्त दाब लागणाऱ्या माणसाला ४ वर गुदमरल्यासारखं होतं आणि दोन रात्रींत यंत्र कपाटात जातं. किमान दाब डॉक्टरांकडून ठरवून घ्याच.

खरी परीक्षा मास्कची. हवा निसटली की सगळेजण पट्टे आवळतात आणि गळती वाढते. सिलिकॉनची कड हवेने फुगून चेहऱ्याला बसते. आवळली की चेपते. यंत्र चालू ठेवून, आडवं पडून, दोन्ही कुशींवर वळून पट्टे बसवा. कड रोज सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा, चेहऱ्याचं तेल लागलं की ती सरकते. नाकाच्या मास्कने सकाळी घसा कोरडा पडत असेल, तर बहुधा तोंड उघडं राहतंय. पूर्ण चेहऱ्याचा मास्क घालून बघा.

ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या टाकीत) डिस्टिल्ड पाणीच, बोअरच्या पाण्याने क्षार धरतात. एसीच्या खोलीत नळीत पाणी गुडगुडलं, तर आर्द्रता एक अंक उतरवा आणि यंत्र पलंगापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा. वीज जात असेल तर इन्व्हर्टरवर जोडा. ह्युमिडिफायर बंद ठेवला की बॅटरी बरीच जास्त पुरते.

पडद्यावर एएचआय (तासाला श्वास किती वेळा अडतो तो आकडा) ५ च्या खाली हवा, पण वापराचे तासही बघा. पहाटे मास्क काढून ठेवणाऱ्यांचं मोठं नुकसान होतं: स्वप्नांची झोप पहाटेच जास्त असते आणि श्वास बहुतेकदा तेव्हाच जास्त अडतो.

झोप सुधारल्यावर आहार-व्यायामाने वजन दहाएक टक्के उतरलं, तर तपासणी करून दाब नव्याने ठरवून घ्या.