एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी): रोज कॉलेजला जाऊन की बाहेरून?

मी दोन्ही करून पाहिलंय. कराडला नोकरी सांभाळत एक वर्ष बाहेरून केलं, मग ते सोडून साताऱ्याला नियमित प्रवेश घेतला. म्हणजे माझं पारडं आधीच थोडं कललेलं आहे, तेवढं धरून वाचा.

मान्यतेवर फार डोकं खपवू नका. बाहेरचा अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षणाच्या यादीत आहे का, एवढं बघा. कामगार कल्याण अधिकारी व्हायचं असेल तर मात्र तिथं कुठल्या पदव्या चालतात, हे प्रवेशाआधीच तपासा. खर्चात बाहेरून स्वस्त, पगारही चालू राहतो. नियमितला एसटीचा विद्यार्थी पास मिळतो, पण सकाळची गाडी चुकली की दिवस गेलाच.

माझा निर्णय झाला तो फिल्डवर्कवरून, म्हणजे संस्थेत किंवा वस्तीत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामावरून. बाहेरून करताना संस्था मीच शोधली, पत्र घेऊन मीच हिंडलो. मार्गदर्शक भले गृहस्थ, पण कामात बुडालेले. तीन वेळा हेलपाटे घातल्यावर चौथ्यांदा त्यांनी सगळ्या भेटींच्या अहवालांवर एका बैठकीत सह्या केल्या. एकही पान वाचलं नाही. मला वाईट वाटलं ते याचं, की आत मी काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं.

नियमितला आठवड्यात दोन दिवस फिल्ड आणि नंतर मॅडमसमोर आयसी, म्हणजे त्या कामावर एकेकट्यानं बसून चर्चा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. पाणी ओसरल्यावर आम्ही कृष्णाकाठच्या एका गावात घरोघरी फिरलो. ‘लोकांना मदतीची गरज आहे’ असं मी अहवालात लिहिलं. वही परत आली, लाल शाईत: ‘कुणाला? कशाची? कोण म्हणालं?’ राग आला, पण पुन्हा गेलो. एका आजींकडे तांदळाची तीन पाकिटं पडून होती आणि चूल गाळात बुजलेली. पहिल्या फेरीत मी त्याच घरातून चहा न घेता बाहेर पडलो होतो.

आधीपासून एखाद्या संस्थेत काम करत असाल आणि तिथलं कुणी वरिष्ठ तुमची वही खरंच वाचणार असेल, तर बाहेरून केलेलंही वाया जाईल असं वाटत नाही. घरी कमावते तुम्हीच असाल तर दुसरा इलाजही नसतो. पण दोन वर्षं कशीबशी निघत असतील, तर साताऱ्याचा पास काढा. कमवा आणि शिका योजना आहे का, तेही कॉलेजात विचारा, कर्मवीर भाऊराव पाटलांचा जिल्हा आहे हा. माझी पहिल्या वर्षाची फी बुडाली. सह्यांची ती वही अजून माळ्यावर आहे.