कारखान्याचं लॉगिन क्लाउडवर नेलं, त्याला अकरा महिने झाले

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात १४० जणांची लॉगिन मी सांभाळतो. आधी जिन्याखालच्या खोलीतल्या सर्व्हरवर लॉगिन सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी चालायची. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती, त्यामुळे सोमवारची सकाळ लॉक झालेली खाती उघडण्यातच जायची. आता हे काम एका क्लाउड सेवेकडे आहे आणि ते फोन जवळपास थांबलेत.

खरा फायदा माणूस नोकरी सोडतो तेव्हा दिसतो. एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटची तारीख पडली की त्याच संध्याकाळी मेल, फायली, खरेदीचं पोर्टल सगळं बंद. पूर्वी मला कळायलाच आठवडा जायचा.

पण हे फक्त जोडलेल्या अ‍ॅपपुरतं. आमच्या जुन्या ईआरपीला, म्हणजे कारखान्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, सॅमल (लॉगिन सेवेशी जोडायची ठरलेली पद्धत) कळत नाही. तिसऱ्या महिन्यात यादी तपासताना स्टोअरमधून सहा आठवड्यांपूर्वी गेलेल्या माणसाचं ईआरपीचं खातं चालू सापडलं. गैरवापर झाला नव्हता, तरी त्या रात्री मला झोप आली नाही. न जोडलेल्या अ‍ॅपची वही आता मी हाताने ठेवतो आणि दर शुक्रवारी एचआरच्या यादीशी ताडून बघतो. आणखी एक, बऱ्याच अ‍ॅपवाल्यांकडे सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकाच लॉगिनने सगळीकडे शिरायची सोय, फक्त महागड्या प्लॅनमध्येच मिळतं. क्लाउड सेवेचं कोटेशन बघून बजेट ठरवू नका, हा खर्च आधी विचारून घ्या.

पासवर्डनंतर दुसरा टप्पा म्हणून फोनवरून मंजुरी द्यावी लागते. पेंट शॉपमध्ये फोन नेता येत नाही, मग ती देणार कशी? तिथल्या मंडळींना यूएसबीच्या सिक्युरिटी की (संगणकात खोचून ओळख पटवणाऱ्या छोट्या किल्ल्या) दिल्या. ऑफिसमध्ये फोनवर नुसतं 'अ‍ॅप्रूव्ह' दाबायची सोय मुद्दाम बंद ठेवली, संगणकाच्या स्क्रीनवरचा आकडा फोनवर टाकावाच लागतो. नाहीतर हॅकर सतत विनंत्या पाठवून कंटाळलेल्या माणसाकडून मंजुरी काढून घेतात. २०२२ मध्ये उबरमध्ये असंच घुसले होते.

ऐन पावसाळ्यात सेवा अडीच तास बंद पडली. डिस्पॅचला गाड्या उभ्या, आणि चलन काढायला कुणाला लॉगिनच करता येईना. त्यानंतर डिस्पॅचच्या एका संगणकावर स्थानिक खातं ठेवलं. आपत्कालीन अ‍ॅडमिनची दोन खाती आधीपासून आहेत, त्यांचे पासवर्ड लेखा विभागाच्या तिजोरीत, बंद पाकिटात. त्या दिवशी त्यांचा उपयोग झाला नाही, कारण मूळ सेवाच झोपली होती. पण माझाच फोन हरवला किंवा एखादा नियम चुकीचा लागला, तर आत शिरायला तीच वाट आहे.

सपोर्टला ब्राउझरची हार फाइल (ब्राउझर आणि वेबसाइटमधल्या देवाणघेवाणीची नोंद) पाठवायची वेळ आली तर आधी त्यातली सेशन टोकन, म्हणजे पासवर्डशिवाय आत शिरू देणारे तात्पुरते पास, काढून टाका. २०२३ मध्ये ओक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेतून अशाच फायली चोरीला गेल्या होत्या.

पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे, आणि ते करणार आहोत. तीन वर्षांचा करार स्वस्त पडतो, तरी मी मालकांकडे एकाच वर्षाचा मागितलाय. उद्या सेवा बदलायची झाली तर ही कंपनी ना पासवर्डचे हॅश (साठवलेलं सांकेतिक रूप) देते, ना दुसऱ्या टप्प्याच्या नोंदणीची माहिती. १४० जणांना पुन्हा एकेक करून बसवावं लागेल, आणि तोवर न जोडलेल्या अ‍ॅपची माझी वही मला रिकामी करायची आहे.