वाटीखालचं दुखणं: इंजेक्शन की वजनाचा व्यायाम?
जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली कळ येते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने ती लवकर शमते, हे खरं. डेन्मार्कमधल्या २००९ सालच्या अभ्यासात १२ आठवड्यांनी इंजेक्शनवालेही सुधारले होते. सहा महिन्यांनी मात्र त्यांचं दुखणं परतलं. जड वजनाचा संथ व्यायाम करणाऱ्यांची सुधारणा टिकली.

मी व्यायामाच्या बाजूची आहे, कारण इथला दुखणारा टेंडन, म्हणजे वाटी नडगीच्या हाडाला जोडणारा पट्टा, ताणाशिवाय भक्कम होत नाही. आठवड्यातून तीनदा लेग प्रेस (यंत्रावर पायांनी वजन ढकलणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठबशा). तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर. आधी १५ वेळा जेमतेम उचलता येईल एवढं वजन, मग वाढवत वाढवत ६ वेळा जमेल इतकं. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं वाटलं, तर उचलायचं वजन कमी करा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.