पंधरा वर्षांची वॅगनआर: काम करून ठेवायची की विकून नवी घ्यायची?

२०१०-११ च्या आसपास ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांच्या गाडीचं पासिंग (आरटीओतलं रजिस्ट्रेशन) एक तर संपलंय किंवा संपत आलंय, त्यामुळे हा प्रश्न सध्या जो तो विचारतोय. मेकॅनिक ऐंशी हजाराचं एस्टिमेट हातात देतो, ऑनलाइन बघावं तर गाडीच ऐंशी हजाराला जाते, आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतंच की अरे गाडीच्या किमतीएवढा खर्च कशाला करतोस, विकून टाक. ऐकायला एकदम पटतं. पण माझ्या मते हा हिशोबच उलटा आहे, कारण गाडी विकून आलेल्या ऐंशी हजारात तुम्हाला दुसरी चांगली गाडी मिळणार नाहीये, मिळालीच तर ती तुमच्या गाडीसारखीच असणार, फरक एवढाच की तुमच्या गाडीची दुखणी तुम्हाला माहिती आहेत आणि तिची माहिती नाहीत. त्यामुळे रिपेअरचं बिल आणि गाडीची किंमत शेजारी ठेवून काही कळत नाही, पुढची पाच वर्षं ही गाडी ठेवली तर किती जातील आणि नवी घेतली तर किती जातील हे शेजारी ठेवा. पाचच का, तर री-पासिंग पाच वर्षांचं मिळतं म्हणून.

एक गाडी धरून बोलू. २०११ ची पेट्रोल वॅगनआर, ९९८ सीसीचं के-सिरीज इंजिन, एक लाखाच्या थोडं वर रनिंग, महिन्याला सातशे किलोमीटर फिरते, म्हणजे ऑफिसला बस किंवा लोकल आणि गाडी शनिवार-रविवार, भाजी, दवाखाना, कधीतरी गावाला. एस्टिमेट असं: क्लच प्लेट-प्रेशर प्लेट लेबरसकट आठ हजार, पुढचे-मागचे शॉकअप, लोअर आर्म, बुश सगळं धरून अठरा, एसीचा कॉम्प्रेसर गॅससकट वीस, चार टायर पंधरा, बॅटरी पाच, रेडिएटर आणि होस पाइप सहा, बाकी किरकोळ आठ. झाले ऐंशी. गावागणिक दोन-चार हजार इकडेतिकडे होतील. यातला बराचसा खर्च एकदा केला की चार-पाच वर्षं परत बघावं लागत नाही, ही गोष्ट एस्टिमेट बघून घाबरताना कुणाच्या लक्षात येत नाही.

आता पाच वर्षांचं गणित. ऐंशी हजार आत्ता, मग दरवर्षी सर्व्हिस आणि अधूनमधून निघणारी कामं मिळून पंचवीस हजार धरा, म्हणजे सव्वा लाख. थर्ड पार्टी इन्शुरन्स १००० सीसीच्या आतल्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये अधिक जीएसटी असा आहे, पाच वर्षांचे बारा-साडेबारा हजार. पासिंगची फी, टॅक्स वगैरे दहा-बारा. आणि आज ऐंशीला जाणारी गाडी पाच वर्षांनी भंगारात पंचवीसला गेली तर तिथे पंचावन्न हजार बुडाले. सगळे मिळून दोन लाख पंच्याऐंशीच्या आसपास, वर्षाला सत्तावन्न हजार.

नवी गाडी सहा लाख एक्स-शोरूमची घ्या. महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के टॅक्स, म्हणजे सहासष्ट हजार तिथेच गेले, वर इन्शुरन्स आणि बाकी चिल्लर, सात लाख ऑन-रोड होतातच. (२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ आणि वर सेस होता तो १८ वर आला, त्यामुळे जुन्या किमती डोक्यात असतील तर परत एकदा कोटेशन काढा, फरक पडलाय.) लाखभर डाउन पेमेंट, सहा लाख लोन, नऊ टक्क्यांनी पाच वर्षं, हप्ता साडेबारा हजाराच्या जवळ, व्याज जवळपास दीड लाख. पाच वर्षांनी गाडी साडेतीनला गेली तर साडेतीन बुडाले. सर्व्हिस पस्तीस हजार आणि दुसऱ्या वर्षापासूनचा इन्शुरन्स साठ हजार धरला तर एकूण सहा लाखाच्या थोडं आत. वर्षाला एक लाख वीस हजार.

म्हणजे नवी गाडी दुपटीपेक्षा महाग पडते, आणि हे तेव्हा जेव्हा आपण जुन्यावर ऐंशी हजार ओतलेत. पण थांबा, पेट्रोल राहिलं. जुनी चौदाचा अ‍ॅव्हरेज देत असेल आणि नवी एकोणीसचा, तर महिन्याला सातशे किलोमीटरवर वर्षाला दीडशे-एकशे साठ लिटरचा फरक, साधारण सोळा हजार रुपये. तरी जुनी वर्षाला त्र्याहत्तर हजारावर आणि नवी एक लाख वीस हजारावर. आता हेच महिन्याला दोन हजार किलोमीटर करा. पेट्रोलचा फरकच सत्तेचाळीस हजाराच्या घरात जातो, रनिंग जास्त म्हणून जुनीची कामंही जास्त निघतात, आणि दोन्ही आकडे जवळजवळ एकमेकांवर येऊन बसतात, त्यात नवी सीएनजी घेतली तर नवीच स्वस्त पडायला लागते. म्हणून कुणी मला विचारलं की मी आधी एस्टिमेट विचारत नाही, महिन्याचं रनिंग विचारतो. हजाराच्या आत असेल तर शक्यतो ठेवा, दीड-दोन हजाराच्या वर असेल तर बदलायचा विचार करा, मधल्यांनी खालचं सगळं वाचा.

कारण आकडे सगळे एका गोष्टीवर उभे आहेत, ती म्हणजे गाडीचा पत्रा. क्लच, एसी, शॉकअप, ही सगळी बदलायची कामं, जुनं काढलं नवं लावलं विषय संपला. इंजिनचं सुद्धा तसंच, कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, ऑइल पिते का बघा, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का बघा, रेडिएटरच्या पाण्यात ऑइल मिसळून चहासारखा रंग झालाय का बघा. के-सिरीजला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे ऑइल वेळेवर बदललं असेल तर लाख-सव्वा लाख किलोमीटरला इंजिन खोलायची वेळ सहसा येत नाही. आणि आलीच तर फुल काम चाळीस-पन्नास हजारात होतं, एस्टिमेट एक लाख तीस झालं तरी वरच्या गणितात वर्षाला दहा हजारच वाढतात, कमी रनिंगला जुनी अजूनही पुढेच. पण पत्रा सडला असेल तर तिथे पैसे घालू नका. दरवाजाच्या कडेला किंवा बोनेटवर गंज दिसतो त्याचं एवढं काही नाही, डेंटिंग-पेंटिंगवाला करून देतो. बघायचं ते खाली. गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवा, आतले मॅट आणि कार्पेट उचला, दरवाज्यांखालचा रनिंग बोर्ड, पुढच्या शॉकअपचा वरचा माउंट जिथे बसतो ती जागा, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा, आणि मागचा अ‍ॅक्सल जिथे बॉडीला धरतो ती जागा, इथे स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बघायला सांगा. आत गेला तर विषय बंद. पत्र्यावर पत्रा वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण अ‍ॅक्सिडेंटमध्ये तो पॅच काय धरणार. मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इथल्या गाड्यांना हे आधी बघा, खारी हवा आणि चार महिने पाऊस. सोलापूर-लातूरकडची तेवढ्याच वयाची गाडी खालून कोरडी खणखणीत निघते, मी तर सेकंड हँड घेणाऱ्यांना पण पासिंगचा नंबर बघून घ्या म्हणतो.

पासिंगबद्दल उगाच भीती फार आहे. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते असं महाराष्ट्रात काही नाही. तो डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचा नियम दिल्ली-एनसीआरचा, २०१५ च्या एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशातून आणि २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशातून आलेला, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत आपल्याकडे आला. आपल्याकडे फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून भरता येतो, गाडी आरटीओत दाखवायची, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू पाहिजे, जुने चलान असतील ते भरून टाकायचे. फी एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० आहे, आधी सहाशे होती, पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर महिन्याला पाचशेचा दंड चढत जातो. वीस वर्षांच्या पुढच्या कारला ऑगस्ट २०२५ मध्ये फी १०,००० केली, म्हणजे सरकार हळूच सांगतंय काय ते. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट पण लागणार, ७४५ अधिक जीएसटी. पासिंग संपलेली गाडी मात्र रस्त्यावर काढू नका, काही झालं तर इन्शुरन्सवाले तिथेच बोट ठेवतात.

ई२० पेट्रोलचं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पण लोक विचारतात. जुन्या गाड्या यासाठी बनलेल्या नाहीत, अ‍ॅव्हरेज थोडा पडतो, फ्युएल लाइनचे रबरी पाइप आणि सील लवकर खराब होऊ शकतात. एवढ्यासाठी गाडी विकू नका, पण काम काढलंच आहे तर ते पाइप बदलून घ्या, खर्च फार नाही.

आता नव्या गाडीची बाजू, आणि ही बाजू पैशात मोजता येत नाही. २०११ च्या बेस व्हेरिएंटमध्ये एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) नाही. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून, ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून, शेजारच्या सीटची २०२१ च्या शेवटी सक्तीची झाली. गाडी पेठांमधून आणि कॉलनीतून तीसच्या स्पीडने फिरणार असेल तर मी एवढं ताणणार नाही. पण दर पंधरा दिवसांनी एक्सप्रेसवेने किंवा समृद्धीने जाणं असेल, मागे लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा आणि गाडी बदला. दुसरं, घरात एकच गाडी असेल आणि रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठायची वेळ येणारं कुणी असेल तर बंद पडायची धास्ती नको. यात मी वाद घालत नाही.

बदलायचीच असेल तर थेट शोरूमलाच जायला पाहिजे असं नाही. चार-पाच वर्षांची, २०२१-२२ ची गाडी घेतली तर एअरबॅग-एबीएस मिळतं, बीएस-सिक्स (नव्या प्रदूषण नियमांचं) इंजिन मिळतं, आणि पहिल्या पाच वर्षांत जो अर्ध्याच्या आसपास भाव पडतो तो आधीच्या मालकाने सोसलेला असतो. वाईट एवढंच की सेकंड हँडला लोनचा रेट नव्यापेक्षा बराच चढा लागतो, म्हणून जमलं तर रोखीने घ्या. डीलरकडून घेतली तर त्याच्या मार्जिनवरचा १८ टक्के जीएसटी शेवटी तुमच्याच किमतीत येतो, ओळखीतल्या माणसाकडून थेट घेतली तर तो नाही. मला स्वतःला विचाराल तर मधल्या रनिंगवाल्यांना हाच पर्याय सगळ्यात बरा वाटतो.

कंपनी कोणती हे पण बघा. मारुतीचे पार्ट पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला काय, तालुक्याच्या गावी पण मिळतात, म्हणून हे सगळं वॅगनआर धरून लिहिलं. शेवरोलेने २०१७ च्या शेवटी इथली विक्री बंद केली, तळेगावचा प्लांट पण २०२० च्या डिसेंबरला थांबला, फोर्डने २०२१ मध्ये इथे गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं. शेवरोलेची बीट किंवा फोर्डची फिगो असेल तर सर्व्हिसचे पार्ट मिळतात अजून, पण बंपर, हेडलाइट, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) असलं काही गेलं की शोधत फिरावं लागतं, तिथे मोठा खर्च करायच्या आधी दहा वेळा विचार करा. जुनी डिझेल असेल तर वेगळंच, टर्बो, इंजेक्टर, पंप यातलं एकेक काम तीस-चाळीस हजाराचं, दोन एकदम आले तर पेट्रोलचं सगळं एस्टिमेट तिथेच संपतं.

ठेवायचं ठरलं तर ऐंशी हजार एकदम घालवू नका. आधी ब्रेक, टायर, सस्पेन्शन, कूलिंगचं काम करा, पासिंग करून घ्या, दोन महिने चालवून बघा, मग एसी आणि रंग. पासिंगच्या आधी एसीवर वीस हजार घालून मग आरटीओत खालचा पत्रा निघाला की काय बोलणार.

विकायचं ठरलं तर पासिंग असताना विका, संपल्यावर भाव धाडकन पडतो. पूर्ण इन्शुरन्स चालू असेल तर नो क्लेम बोनस तुमच्या नावावर असतो, गाडीच्या नाही, पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतो, कंपनीकडून त्याचं लेटर घेऊन ठेवा, तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या प्रीमियमला लागतं. भंगारातच द्यायची असेल तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला न देता सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला द्या, तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी स्क्रॅपला दिल्याचा दाखला) मिळतं आणि नव्या गाडीच्या टॅक्समध्ये त्याने सवलत मिळते. आणि एजंटने कितीही गोड बोललं तरी नाव ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी देऊ नका, नाव ट्रान्सफर झालेलं परिवाहनच्या सरकारी वेबसाइटवर दिसेपर्यंत त्या गाडीचं प्रत्येक चलान तुमच्याच मोबाइलवर येत राहतं.