शेती-फूडवालं एमएस्सी बायोकेमिस्ट्री: कोर्स कसाय?

कॉलेजचं नाव टाकत नाही, पण नाशकातच करतोय, बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. प्रॅक्टिकल एक नंबर! लासलगावचा लाल कांदा चिरला की त्यातलं अ‍ॅलिनेज एन्झाइम कामाला लागतं, उग्र वासासोबत पायरुविक अ‍ॅसिड तयार होतं आणि तेच मोजून कांदा किती तिखट ते ठरवायचं, अख्खी लॅब डोळे पुसत रीडिंग घेते. द्राक्षरसातली साखर किती ते डीएनएस या रसायनाने काढतो, पिवळं द्रावण उकळत्या पाण्यात ठेवलं की विटकरी होतं, मग तो रंग किती गडद ते ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं. पप्पा बागेत रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, बघतात ना, त्यात साखरेशिवाय विरघळलेलं बाकीचंही धरलं जातं हे इथे आल्यावर कळलं.

रडगाणं म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर (हे रंगाचं रीडिंग घेणारं मशीन) एक आणि पोरं ढीगभर, नंबर लागेपर्यंत जेवायची सुट्टी संपते. मेटाबॉलिझमचं लेक्चर नुसतं डिक्टेशन, जाऊ द्या. फी ठीकठाक. केमिस्ट्री आवडत असेल तर बिनधास्त घ्या, पाठांतरवाल्यांनी जरा विचार करा. वायनरी, फूड टेस्टिंग लॅब जवळपास आहेत, पण इंटर्नशिप आपली आपणच शोधायची, कॉलेज फक्त लेटर देतं, तेही चार चकरा मारल्यावर.