जुन्या नाशकातील रहाडीची रंगपंचमी

नाशिककर धुळवडीपेक्षा फाल्गुन वद्य पंचमीची अधिक आतुरतेने वाट पाहतात, ती पेशवेकाळापासून चालत आलेल्या रहाडींसाठी. रहाड म्हणजे भर चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो लाकडी ओंडक्यांनी व मातीने झाकलेला असतो, त्यामुळे ज्यावरून आपण रोज दुचाकी नेतो तो रस्ता त्या दिवशी रंगाने तुडुंब भरलेला पाहताना मन थक्क होते. शनि चौक, तिवंधा चौक आणि दिल्ली दरवाजा येथील रहाडी अवश्य पाहाव्यात.

फुले व वनस्पती उकळून केलेला रंग आदल्या दिवसापासून तयार होतो, रहाडीचे विधिवत पूजन होते आणि मग काठावरून 'धप्पा' मारण्यास सुरुवात होते. उडी घेणाऱ्याबरोबर उसळणारे पाणी काठावरच्या साऱ्यांना चिंब भिजवते. त्या क्षणी ओळखीचा-अनोळखी हा भेदच राहत नाही. गल्लीतली मंडळी ही सारी व्यवस्था ज्या आपुलकीने सांभाळतात, तिला माझ्या लेखी पूर्ण गुण.

उणीव गर्दीची. दुपारनंतर काठावर रेटारेटी होते, दगड निसरडे होतात, आणि स्त्रिया व लहान मुलांसाठी राखीव वेळ सर्वत्र असायला हवी असे मला तीव्रतेने वाटते. जुने सुती कपडे घालावेत, मोबाईल घरीच ठेवावा आणि वाहन गावठाणाबाहेर लावून पायी यावे.